तुमच्या नावावर राहिलेला बोल

काकाजी, तुम्हाला नेलं त्या दिवशी राईस मिलमधून सगळे आले. हमाल आले, धान वाळवणाऱ्या बाया आल्या, वॉचमन आपल्या जागी दुसऱ्याला उभं करून आला. शेठनं हार पाठवला. हाफिजजी आणि पास्टर तुमच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसून होते, आणि आत बुद्धवंदना सुरू झाली तसे दोघंही उठून उभे राहिले. मन्साराम तेवढा आला नाही.

सहा वर्षं मी मिलच्या टाईम ऑफिसात हजेरी घेते. शंभर माणसांत कोण नाही ते माझ्या डोळ्यांना आधी दिसतं. म्हणून दुसऱ्या दिवशी भुसाच्या यार्डात त्याला गाठलं आणि विचारलं, काकाजींना शेवटचं पाहायला का नाही आलास? त्यानं झाडू थांबवला नाही.

"ज्या बुढ्यानं माझी गोष्ट साहेबाले सांगितली, त्याच्या मातीले मी कायले येऊ?"

त्याची गोष्ट साहेबाला, म्हणजे मॅनेजरला, तुम्ही सांगितली नव्हती. ती माझ्या हातून गेली होती. मॅनेजर सोडला तर हे दोनच माणसांना ठाऊक होतं, त्यातले तुम्ही गेलात. त्या घडीला माझं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. ऑफिसात परत आले, पंख्याखाली बसले, कोणाची सुटी कोणाची रजा ते भरत राहिले. मी स्पष्ट बोलणारी म्हणून मिलमध्ये माझं नाव आहे. मॅनेजरलाही तोंडावर बोलते. त्या दिवशी तो स्पष्टपणा कुठं गेला होता, तुम्हीच सांगा.

तुमची माझी पहिली भेटसुद्धा भांडणाचीच. गोदामात धानाच्या पोत्यांची थप्पी कोसळून एक हमाल गेला होता, आणि बाया त्या गोदामात पाय ठेवायला तयार नव्हत्या. आठ दिवसांनी तुम्ही तिघं गेटवर आलात. पुढं अत्तर लावलेले हाफिजजी, मधे बॅग घेतलेले पास्टर, आणि मागं तुम्ही, हातात कापडी थैली. मी पास लिहायला घेतला. कोणत्या संस्थेचे? तुम्ही म्हणालात, संस्था नाही जी, आम्ही तिघं आहो. काम काय? बसतो. मी म्हटलं, बसणे हे काम होत नाही, इथं कामाचं नाव लिहावं लागतं. तुम्ही म्हणालात, मग कोरं सोड. आणि मी कोरं सोडलं, याचा मला दिवसभर राग आला.

थैलीत लसूण होता. गोदामाच्या सावलीत तुम्ही पोतं अंथरलं, लसूण ओतला आणि सोलायला लागलात. कोणाला हाक मारली नाही, उपदेश केला नाही. थोड्या वेळानं एक बाई आली, तिनं मूठभर लसूण पुढं ओढला. मग दुसरी. सोलता सोलता त्या बोलायला लागल्या, त्या हमालाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, थप्पी पडतानाच्या आवाजाबद्दल. चौथ्या दिवशी बाया गोदामात गेल्या. शेठ म्हणाला, दर मंगळवारी येत जा.

ही रीत तुमची रेल्वेतली. गोंदियाला गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर जिथं मुक्काम करतात त्या रनिंग रूममध्ये तुम्ही तीस वर्षं स्वयंपाकी. एखाद्या ड्रायव्हरच्या गाडीखाली माणूस आलेला असायचा. तो यायचा, हातपाय धुवायचा, ताटावर बसायचा आणि जेवायचा नाही. तुम्ही त्याच्यासमोर तांदूळ निवडायला बसायचात. त्याला काही विचारायचं नाही, त्याच्याकडे पाहायचंही नाही. तुम्ही सांगायचात, "माणसाकडे टक लावून पाहिलं का तो खरं बोलत नाही. हाताले काम दिलं का आपोआप बोलते." थंडीत लसणाच्या जागी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा असायच्या. सोललेलं सगळं संध्याकाळी बाया वाटून घेऊन जायच्या. तुमच्या घरी त्यातली एक पाकळी गेली नाही.

मी दवनीवाड्याची. माझ्या घरात मी पहिली पदवीधर. बाबा दुसऱ्याची धानाची शेती ठेक्यानं करतात, आई सही करायला अजून पाच मिनिटं घेते. ही पदवी मला फुकट मिळालेली नाही आणि तिचा मला अभिमान आहे, तुम्ही कितीही चिडवलं तरी. तुम्ही मला नावानं हाक मारलीच नाही. "काय बीकॉम, जेवली का?" आख्ख्या मिलमध्ये मग तेच पडलं.

तर या बीकॉमला वाटलं की तुमचं काम नीट करावं. नेटवर वाचलं होतं, बाहेर देशात कारखान्यांत, विमानतळांवर असे लोक नेमतात, सगळ्या धर्मांचे, त्यांना चॅप्लेन म्हणतात. त्यांना खोली असते, वेळ ठरलेली असते. मी मॅनेजरच्या मागं लागून जुनी स्टोअरची खोली साफ करून घेतली. टेबल, दोन खुर्च्या, दारावर पाटी. आणि रजिस्टर. नाव, खातं, धर्म, विषय. धर्माचा रकाना यासाठी की ज्याला त्याला आपला माणूस मिळावा. मुसलमान आला तर हाफिजजी, ख्रिश्चन आला तर पास्टर, बाकीचे तुमच्याकडे. मला वाटलं, किती सोय केली.

तीन मंगळवार कोणी फिरकलं नाही. चौथ्या मंगळवारी चिचगडकडची एक गोंड बाई आली, तिची आई गेली होती. मी रजिस्टर उघडून विचारलं, धर्म काय लिहू? ती गोंधळली. म्हणाली, तुम्ही पाहून लिहा ना जी. मी हिंदू लिहिलं आणि तिला तुमच्याकडे पाठवलं. ती तुमच्यासमोरून उठून हाफिजजींकडे गेली. तिला कुठूनसं कळलं होतं की त्यांचीही आई त्याच महिन्यात वारली. दोघं भिंतीला टेकून आपापल्या आईच्या हातच्या भाजीबद्दल बोलत बसले. हाफिजजी तर रडले. तुम्ही माझ्याकडे पाहून म्हणालात, "आता यांच्या विषयात काय लिहितं, बीकॉम? अंबाडी?"

खोली बंद झाली. रजिस्टर मात्र मी सोडलं नाही. मॅनेजरला दर महिन्याला काहीतरी दाखवावं लागे, अर्धा तास माणसं कामावरून उठतात त्याचं कारण. तुम्ही म्हणायचात, किती माणसं बसली ते लिही, त्यापुढं लिहू नको. मी म्हणायचे, जगात सगळीकडे नोंद ठेवतात. हा वाद दीड वर्ष चालला आणि दोघांनाही त्याची सवय झाली होती.

एका गोष्टीसाठी मी तुमची आयुष्यभराची ऋणी आहे, ती इथं लिहिते, कारण ती तुम्ही कोणाला सांगितली नसणार. बाबा एकदा शेतातून तसेच गेटवर आले होते. पायाला चिखल, डोक्याला दुपट्टा. नव्या तांदळाची पिशवी घेऊन. वॉचमननं फोन केला आणि ऑफिसात दोन व्यापारी बसले होते, म्हणून मी म्हटलं, गावचा कोणी असेल, पिशवी ठेवून जायला सांग. बाबा पिशवी ठेवून गेले. त्या मंगळवारी मी तुमच्यासमोर येऊन बसले आणि पहिल्यांदा लसूण हातात घेतला. सांगून टाकलं. तुम्ही सोलता सोलताच विचारलंत.

"बापाले सांगितलं का?"

"नाही."

"मग मले काऊन सांगून राहिली?"

त्या संध्याकाळी मी दवनीवाड्याला गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाबा तुमच्यापुढं दर वेळी हसून तेच सांगत, पोरगी रडली म्हणून मी जेवलो दोनदा.

इतकं कळूनही मन्सारामच्या वेळी मी जे केलं ते केलं.

मन्साराम आमगावजवळचा. मिलचा बॉयलर वीस वर्षं त्याच्या हाती. उसना, म्हणजे धान उकडून केलेला, तांदूळ करायचा तर वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि बॉयलरच्या काचेत पाणी किती आहे त्यावर नजर ठेवणारा माणूस लागतो. मिलमध्ये शेठही त्याला मन्सारामजी म्हणायचा. त्याची बायको गेली आणि दोन महिन्यांनी तो तुमच्यासमोर येऊन बसला. माझी खिडकी चार पावलांवर. तो म्हणाला, काचेसमोर उभ्या उभ्या मी कुठं जातो मले समजत नाही जी. दहा मिनिटं कुठं गेली पत्ता लागत नाही. ती मागून हाक मारते असं वाटते.

हे मी ऐकलं. ऐकायला बसले नव्हते, पण खिडकी बंदही केली नाही. त्यापुढचं ऐकलं नाही, फोन आला.

त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये लिहिलं. मन्साराम, बॉयलर, काम करताना भान जातं. स्वच्छ अक्षरात. मॅनेजरनं दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं आणि पाळी बदलायच्या वेळी, सगळे जमलेले असताना, बॉयलरखाली उभं राहून मोठ्यानं सांगितलं की मन्साराम, खाली उतर, डोकं ठिकाणावर नसलेला माणूस मला वर नको. वीस वर्षांचा माणूस शिडी उतरला, आणि त्याला भुसाच्या यार्डात झाडू दिला.

तुम्ही त्याच सकाळी थोड्या वेळानं आलात ते सरळ माझ्या टेबलापाशी. आवाज चढवला नाही. मीच चढवला. मी म्हटलं, बॉयलर आहे तो, चूल नाही. फुटला असता तर? पन्नास माणसं आहेत खाली. तुमच्या लसणासाठी मी पन्नास माणसांचा जीव टांगणीला लावू? तुम्ही ऐकून घेतलं. मग सांगितलं की मंगळवारीच तुम्ही बॉयलरच्या दुसऱ्या फायरमनला त्याच्यासोबत काचेसमोर उभं केलं होतं. त्या दिवशी तुम्ही स्वतः बॉयलरपाशी बसायलाच आला होता. आणि तिसऱ्या दिवशी मन्साराम तुमच्यासोबत साहेबाकडे जाऊन म्हणणार होता की मला खालचं काम द्या. तसं त्यानं कबूल केलं होतं.

मी म्हटलं, हे मला आधी का नाही सांगितलं?

"तू इचारलं कुठं? तू लिहिलं."

काकाजी, तुम्ही नाही आहात म्हणून मी शहाणी झाल्याचं सोंग आणणार नाही. त्याला बॉयलरवरून उतरवायलाच हवं होतं हे मी आजही म्हणते. दोन दिवस थांबण्याचा धोका तुम्ही घेतलात, मला तो आजही पटत नाही. तुम्ही समोर असता तर आजही वाजलं असतं. पण उतरवणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे तुम्ही म्हणत होता, आणि तेवढं मला पटतं.

त्यानंतर मन्साराम मंगळवारी फिरकला नाही. तुम्ही दिसलात की तोंड फिरवून यार्डाच्या मागं जायचा. मला वाटलं, लोकांत अपमान झाला म्हणून सगळ्या जगावरच रागावला असेल. आठ महिने मी असंच समजत राहिले. शेवटच्या मंगळवारी मी पुन्हा तोच विषय काढला, मी बरोबर होते की चूक, एकदा सांगून टाका. तुम्ही शेंगांची टरफलं गोळा करत होता. म्हणालात, मले नको इचारू, ज्याचं आहे त्याच्याशी बोल. मी म्हटलं, बोलेन कधीतरी. शुक्रवारी सकाळी तुमच्या घरून फोन आला.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी हाफिजजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बेटी, मंगल को अब तू बैठ." मी म्हटलं, मी कोण? मला ना कुराण येतं ना बायबल ना वंदना. ते म्हणाले, त्यालाही स्वयंपाकाशिवाय काय येत होतं? पास्टर हसले. मी हो म्हणू शकले नाही. जिच्या हातून बसणाऱ्याची गोष्ट बाहेर गेली, ती बसणार कशी? आणि जोवर मन्साराम म्हणतो आहे की बुढ्यानं विकलं, तोवर तुमच्या जागी कोणीही बसलं तरी माणसं तोंड उघडताना दोनदा विचार करणार. यार्डातला माणूस बोलत नाही असं नसतं. तो हमालांशी बोलतो.

काल दुपारी जेवणाच्या सुटीत मी यार्डात गेले. तो भुसाच्या ढिगाला टेकून डबा उघडत होता. मी उभ्यानंच सांगितलं. खिडकी उघडी होती, मी ऐकलं, मी लिहिलं. काकाजींनी कोणाला एक अक्षर सांगितलं नाही.

त्यानं डबा पुन्हा बंद केला. 

"मी त्याच्या दारात जाऊन शिव्या देल्या," तो म्हणाला. "मायबापावरून देल्या. तो म्हणे, चूक झाली जी. माझ्याजवळ बसला होता तू, माझ्याजवळून गेली गोष्ट."

हे मला ठाऊक नव्हतं, काकाजी. तुम्ही शिव्या खाल्ल्या आणि घरी आलेल्या माणसाला माझं नाव सांगितलं नाही. माझी बाबांची गोष्ट तुम्ही पोटात ठेवली तशीच हीही ठेवलीत. मी तर ही तुमच्याजवळ विश्वासानं ठेवलीही नव्हती. मी तिच्यावरून तुमच्याशी भांडत होते.

मी मन्सारामला म्हटलं, मी मॅनेजरकडे जाते, तुला परत बॉयलरवर घ्यायला सांगते. त्यानं मान हलवली. "मले बॉयलर नको. मी उतरणारच होतो." मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तो होता तवा काऊन नाही सांगितलं, म्याडम?"

 उत्तर होतं, लाजेचं होतं, पण ते त्याच्यासमोर मांडायच्या लायकीचं नव्हतं. मी म्हटलं, चुकलं. तो म्हणाला, मले त्याच्या घरी नेऊन दे.

त्याला स्कूटीवर मागं बसवून नेलं. काकी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. मन्साराम हात जोडून उभा राहिला, तर काकीच म्हणाल्या, "बस ना. तुझ्या शिव्या ऐकल्या होत्या मी दारामागून." तो खाली बसला. काकी सांगत होत्या, त्या दिवशी त्यांनी तुम्हाला विचारलं, हा कोण, कायले चिडला एवढा? तर तुम्ही म्हणालात, भाजी टाक, भूक लागली. त्यापुढं आठ महिन्यांत एक शब्द नाही. काकींना राग आला होता, बायकोपासूनही लपवता म्हणून. मन्साराम हे ऐकून रडला. आवाज न करता, दुपट्ट्यात तोंड घालून. मी आणि काकी दुसरीकडे पाहत राहिलो.

मग मी काकींनाही सांगितलं, ती गोष्ट माझ्यामुळं बाहेर गेली. त्यांनी एवढंच विचारलं, त्याले माहीत होतं? हो म्हटलं. त्या आत जाऊन चहा ठेवायला लागल्या. कप तीन आणले.

परत येताना गेटपाशी तो उतरला. म्हणाला, मंगळवारी तू बसशील म्हणे. मी म्हटलं, हाफिजजी म्हणतात, माझं ठरलेलं नाही. 

"बस. पण मी तुझ्याशी बोलीन असं समजू नको."

माझ्या तोंडाशी आलं होतं की कधीपर्यंत, आणि मी मग काय करू. ते मी विचारलं नाही. तो सरळ यार्डात गेला. वाटेत दोन हमालांनी त्याला थांबवलं, कुठं गेला होता म्हणून विचारलं असावं. त्यानं त्यांना काहीतरी सांगितलं, आणि तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

आज सकाळी हजेरीला आला. आठ महिने तो माझ्यासमोर उभा राहून मान खाली घालत असे आणि तुमच्या नावानं धुमसत असे. आज त्यानं मान वर ठेवली, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि एक शब्द न बोलता पुढं गेला. मागच्या हमालांनीही तसंच केलं. मला लागलं, काकाजी, खोटं कशाला सांगू. पण त्यांचा राग आता बरोबर माणसावर आहे. मंगळवारी मी बसणार आहे.